हिरवा तुकडा

धारवाड, मंगळवार, जानेवारी १९३८

नणंदेला, नलूला, आठवा लागलाय. मंडळात सगळ्याजणी तिच्या बाळासाठी गोधडी जोडतोय. चौकोन लेकुरवाळीच्याच जुन्या लुगड्याचे हवेत, ही रीत. घाईत मीही आईच्या लुगड्याचा समजून एक हिरवा तुकडा नेला. मंडळातल्या गंगक्कांनी तो मधोमध शिवल्यावर मला त्यावरचं रफू दिसलं. तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लुगड्याचा. अक्का पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात नलूने त्या हिरव्यावर हात फिरवला. "वहिनी, हा सगळ्यात मऊ आहे."

काठ दुमडायला गोधडी घरी आणलीय. उसवू का? नाही उसवलं, अन् काही झालं तर?

कात्री घेतली, पुन्हा ठेवली अन् काठ दुमडायला बसले. अक्काला बाळ मांडीवर घ्यायला मिळालंच नव्हतं.