सात नंबरची खोली

ती. आईला, पाया पडतो.

तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे, कामही टिकून आहे.

जुने मालक रोज आपल्याच हॉटेलच्या वेगवेगळ्या खोलीत झोपायचे. कुठला नळ गळतो, कुठला पलंग कुरकुरतो, ते सकाळी मला सांगायचे आणि मी दुपारपर्यंत दुरुस्त करायचो. नव्या मालकांनी दारात झुंबर लावलं, पण इथं एकदाही मुक्काम केला नाही. आलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. एक रात्र तरी इथं झोपून बघा, असं मी मालकांना सांगून सांगून थकलो.

आता रोज संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतले दिवे लावत फिरतो, रस्त्यावरून हॉटेल भरलेलं दिसावं म्हणून.

तू यायचं म्हणत होतीस ना? ये. सात नंबरचा पलंग अजिबात कुरकुरत नाही. खोली मिळेल की नाही, ही काळजी करू नकोस.

तुझा
थोरला