कांद्याच्या तेलातला पिस्तो

बाल्देओर्नो,
९ सप्टेंबर १९७४

प्रिय कासिल्दा,

तुला, तुझ्या घरधन्याला आणि मुर्सियाच्या तुझ्या सासरच्या सगळ्या मंडळींना माझे आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

इकडे ठीक आहे. द्राक्षं यंदा बारीक, पण गोड आहेत. पुढच्या आठवड्यात तोडणी सुरू करू. खेचर मागच्या पायानं लंगडतंय. देवळाच्या घंटेला तडा गेलाय, तरी पाद्रीबाबा वाजवतातच. लग्न असो की मयत, आवाज एकच येतो.

हल्ली स्वयंपाक मी करतो. हस बाई, हस. शेजारची बासिलिसा रोज कुंपणावरून हसते. परवा म्हणाली, "फेर्मीन, तुमच्या भाजीचा वास आला की आमची कोंबडी अंडं द्यायची थांबते." मी म्हटलं, "मग तिला इकडे पाठवा, तिचीच भाजी करतो."

तुझ्या ताईची, दोमितिलाची, तब्येत जरा नरम आहे. म्हणजे अंगानं धडधाकट आहे. गोष्टी विसरते. आधी किल्ल्या विसरायची, मग चुलीवरचं भांडं, म्हणून मी चुलीपाशी आलो. उन्हाळ्यात तिनं जेवणच सोडलं. दुधात भिजवलेला पाव दोन घास, की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हिवाळा निघणार नाही. मी "बरं" म्हणालो आणि घरी येऊन खेचराला पाणी पाजलं.

मग वाटलं, पिस्तो करून पाहावा. लहानपणापासून तिला तोच आवडतो. लाल-हिरव्या ढब्बू मिरच्या, टोमॅटो, तेल, मीठ, बस. कांदा नाही. या घरात पिस्तोत कांदा नाही हे तुला मी काय सांगायचं! मंद आचेवर टोमॅटोचं पाणी आटून तेल वर येईपर्यंत हलवत बसलो. तिनं बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "हा आईचा नाही." तीनदा केला, तीनदा तेच उत्तर. बासिलिसाच्या डुकरांची मात्र चंगळ झाली.

चौथ्या खेपेला माझ्याकडून एक चूक झाली. आदल्या दिवशी मी माझ्यापुरतं बटाट्या-कांद्याचं ऑम्लेट केलं होतं. उरलेलं तेल गाळून डब्यात भरलं. ओट्यावर तेलाचे दोन डबे असतात हे मी आयुष्यभर पाहत आलो, पण एक कांद्याच्या तेलाचा आणि एक बिनकांद्याच्या, हे आम्हा पुरुषांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी पिस्तो त्याच तेलात झाला.

दोमितिलानं ताट पुसून खाल्लं. पावाच्या कडेनं शेवटचा थेंबसुद्धा टिपला. मग माझा हात धरून कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, आज कांदा तळून काढून टाकलास ना? मी बाबांना नाही सांगत. शपथ घेतलीय ना मी."

कासिल्दा, मी तिचं ताट उचललं आणि तेलाचे दोन्ही डबे उघडून हुंगले.

तुझ्या आईच्या मातीनंतरचं जेवण आठव. तू पिस्तो केलास, कांद्याच्या तेलातला, आणि भरल्या टेबलावर म्हणालीस, "आई असाच करायची, कांदा तेलात तळून, मग काढून टाकून. तुम्हाला कोणाला पत्ताच नव्हता." दोमितिला उठली आणि अख्खं भांडं तिनं अंगणात डुकरांपुढे ओतलं. वर म्हणाली, "मुर्सियाचा कांदा माझ्या आईच्या नावावर खपवू नकोस." तू त्याच दुपारच्या बसनं गेलीस, ती गेलीसच. मीही तेव्हा तुलाच उद्धट समजलो होतो.

पण टेबलाच्या टोकाला तुमचे बाबा बसले होते, हे आता माझ्या ध्यानात येतं. "कांदा घालून भाजी वाढवणं ही भुकेकंगालांची रीत," असं आयुष्यभर म्हणणारे आणि बायकोच्या पिस्तोची गावभर फुशारकी मारणारे. तू खरं बोललीस. दोमितिलालाही ते खरं माहीत होतं. तिनं आईला दिलेला शब्द पाळला. गेलेली आई बाबांपुढे खोटी ठरू नये, एवढंच तिनं पाहिलं. बाबा वारल्यावर तरी तुला सांगायला काय हरकत होती? पण तुम्ही दोघी एकाच आईच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आता ती रोज जेवते. कांदा तळतो, काढून टाकतो, त्याच तेलात मिरच्या घालतो. जेवताना विचारते, "कासिल्दा कुठाय? तिला पाव ठेवा, नाहीतर भोकाड पसरेल." म्हणजे तू अजून आहेस. डॉक्टर म्हणतात, माणसं एकेक करून पुसली जातात, शेवटी आलेली आधी.

मी लग्नानंतर आलेला. मी गेलो.

चुलीशी असलो की कधी कधी तिची आई असतो. एरवी ती मला तोडणीचा गडी समजते. म्हणते, "जेवण मिळेल हो, पण अंथरूण तुझं तू बघ." स्वभावानं पहिल्यासारखीच फटकळ आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. मला रडू येत नाही. रागही येत नाही. जानेवारीत वेली छाटताना बोटं बधिर होतात, कात्री लागली तरी रक्त बघूनच कळतं, तसं झालंय. लोक विचारतात कसे आहात, मी सांगतो द्राक्षं बारीक आहेत.

तू ये. तोडणी संपायची वाट बघू नकोस. तुझं नाव तिच्या तोंडी आहे तोवर ये. माफी तिच्याकडून मिळणार नाही, भांडण तिला आठवतच नाही. ती तुला पाव देईल, तेवढा घे.

आणखी एक मागणं. आलीस की दारातूनच मोठ्यानं "फेर्मीन भाऊजी" अशी हाक मार. ती आत असेल, तिला ऐकू जाईल.

तुझ्या ताईचा नवरा,
फेर्मीन