तीन मुलं एका छपराखाली

मी, एलिसेई तोमोयागा, राहणार पोयेनी, जिल्हा मारामुरेश, हल्ली मुक्काम नॉर्वे, काम परांची बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणी न सांगता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे असं इथे लिहावं लागतं. आहे. अक्षर मात्र वाकडं येत आहे. त्याचा कुणी वेगळा अर्थ काढू नये. एरवीही माझं अक्षर असंच, शाळा सातवीपर्यंत झाली.

आधी कारण लिहितो. मंगळवारी विओरेल परांचीवरून पडला आणि गेला. नवा होता, बोतोशानीकडचा, अनाथालयात वाढलेला. वर वारा फार होता. "तुझं जाकीट दे रे, तुझ्या अंगावर चरबी आहे," असं म्हणून त्याने ते घातलं. खिशात माझं ओळखपत्र आणि फोन. मी ट्रकबरोबर पाइप आणायला बंदरावर गेलो. कंपनीने ओळखपत्र बघितलं आणि आमचे पाळक ब्रदर ग्रिगोरे यांना कळवलं की एलिसेई गेला. दुसऱ्या दिवशी मी परतलो, तर ऑफिसातली बाई मला बघून उभी राहिली आणि तशीच खाली बसली.

मी क्रेनवाल्या सांदूच्या फोनवरून घरी फोन लावला. आईचा फोन माझ्या धाकटीने, देबोराने उचलला. म्हणाली, "बाबा, तुम्ही मेलात. सगळे आलेत. मला दोनदा केक मिळाला." आणि फोन ताटांमध्ये ठेवून पळाली. मी ओरडत राहिलो. मयताच्या घरच्या गोंगाटात कोण ऐकणार? मला मात्र सगळं ऐकू येत होतं.

माझी बायको लिदिया प्रभूकडे गेल्यापासून आमचं घर चर्चच्या मंडळीनेच चालवलं. रोज वेगळ्या घरचा डबा. धुणं ओनुत्स सुताराच्या बायकोकडे, फ्लोआरेकडे, शाळेला पाळकांची गाडी. आईचे गुडघे गेले आहेत. एका जागी बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात, म्हणून मी देशोदेशी फिरलो आणि मुलं मंडळीच्या मांडीवर वाढली. त्याच मंडळीचं बोलणं मी ऐकलं.

"धाकटीला मी आजच नेते," फ्लोआरे रडत म्हणाली. "माझ्या रूथबरोबर एका पलंगावर मावेल."

"नतान आमच्याकडे," पाळकांची बायको म्हणाली. "पाच मुली झाल्या, ब्रदर ग्रिगोरे मुलगा मागून मागून थकले." लोक रडता रडता हसले.

"तबिताला माझी बहीण बाया मारे शहरात नेईल," ओनुत्स म्हणाला. "तिथे शाळा मोठी आहे."

कुणीही हात आखडता घेतला नाही. जो तो देतच होता. मला धडकी भरली ती त्यानेच. सूप निवायच्या आत माझी तीन लेकरं तीन घरांत वाटली गेली होती, तीही प्रेमाने. मग तबिताचा आवाज आला. "आजी, नतानच्या बुटांच्या नाड्या कोण बांधणार?"

"मांजरीची पिल्लं वाटताय का?" ही साफ्ता बोर्कान. चाळिशीची, बिनलग्नाची, मंडळीचं स्वयंपाकघर तिच्या हुकुमात. "तिघं एकत्र राहतील. मी ठेवते."

"साफ्ते, तुझी खोली ती केवढी! कूस बदललीस की भिंत लागते."

"मग मी इथे येते राहायला."

"विधुराच्या घरात एकटी बाई?" पाळक म्हणाले. "गाव काय म्हणेल?"

"विधुर शवपेटीत चाललाय, ब्रदर. त्याला आता कसली अब्रू?"

मग पाळक म्हणाले, "हो, तसं बघितलं तर हरकत नाही."

ताटं उचलताना तिला फोन दिसला. "कोण आहे?"

"मी. एलिसेई."

ताट फुटलं. मग तिचा आवाज. "मेल्या, जिवंत आहेस आणि गुपचूप ऐकत बसलायस?"

पुढे रडणं, हसणं, स्तुतिगीतं. शेवटी पाळक फोनवर आले. "देवाचे आभार, एलिसेई. डबे चालू राहतील. साफ्ताचं मात्र आता जमायचं नाही, समजून घे बाबा."

म्हणजे मी मेलो असतो तर लेकरं एकत्र राहिली असती. जिवंत निघालो म्हणून ते मोडलं. आणि उद्या खरोखर पडलो तर पुन्हा वाटप होणार, साफ्ता त्या दिवशी घरात असेल की नसेल. म्हणून पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

ओनुत्सने माझ्या रविवारच्या पॅन्टवरून माप घेऊन फरच्या लाकडाची शवपेटी केली आहे. ती विओरेलला द्यावी. त्याला पोयेनीला पाठवण्याचं मी कंपनीशी बोललो आहे. माझ्यासाठी खणलेली जागा त्याचीच. पाय थोडे आखडतील, तो माझ्यापेक्षा उंच होता. माझ्यासाठी जेवढ्यांनी गायचं ठरवलं होतं तेवढ्या सगळ्यांनी त्याच्यासाठी गावं.

लाकूड कापायची मशीन ओनुत्सला. तशीही ती दोन हिवाळे त्याच्याकडेच आहे.

माझा अकॉर्डियन नतानला. "ही उपासना आहे का वरात?" असं सगळ्यांसमोर विचारून याच साफ्ताने तो मंडळीत बंद पाडला. ते मी माफ केलेलं नाही. नतान वाजवेल तेव्हा तिने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं, त्याला थांबवू नये.

साठवलेल्या पैशातून वरचा मजला, खांब, लोखंडी फाटक यांतलं काहीही करू नये. तो मुलांच्या पोटाला आणि आईच्या औषधाला.

घर तबिता, नतान आणि देबोरा यांच्या नावे, समान. त्यात राहण्याचा हक्क माझ्या आईला आणि साफ्ता बोर्कान हिला, दोघींना मरेपर्यंत. तिघा मुलांची पालक साफ्ता. डबे, धुणं आणि गाडी मंडळीने चालू ठेवावी. मुलांवर प्रेम करायला सगळ्यांनी यावं, पण न्यायला कुणी येऊ नये.

साफ्ताने येत्या रविवारीच राहायला यावं. मी सुट्टीला आलो तर गवताच्या माळ्यावर झोपेन. हे लग्नाचं मागणं नव्हे, फ्लोआरेने डोळे पुसायला रुमाल काढू नये. आणि ब्रदर ग्रिगोरे, गावाच्या तोंडाची काळजी असेल तर हे मंडळीपुढे मोठ्याने वाचा. या एका कलमापुरतं, मी जिवंत असलो तरी मला मेलेलाच धरावं.

सही: एलिसेई तोमोयागा
साक्षीदार: सांदू चोबानू, क्रेनचालक (पूर्ण वाचून)
साक्षीदार: दारिउश व्हिल्गा, परांचीवाला (भाषा येत नाही; लिहिताना समोर होता)
ठिकाण: कामगार वसाहत, ऑलेसुन, नॉर्वे
दिनांक: १६ नोव्हेंबर २०१८