सिंहाचे तिकीट

अकोला,
रविवार, ता. १३ फेब्रुवारी १९३८

सौ. रुख्मिणीवहिनींस,

शकुनचा नमस्कार. मी इथे बरी आहे. पातूरला तुमच्या माहेरी सगळे बरे असतील असे समजते.

पाकिटातून लिहिते आहे, कारण कार्ड वाटेत सगळेच वाचतात. अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तर लागू द्या.

माझे काम नीट चालले आहे. दवाखान्यातले औषधे तयार करण्याचे टेबल दिवाळीपासून पूर्ण माझ्याकडे आहे. थंडी ओसरली, त्यामुळे खोकल्याचे औषध कमी लागते. खोली दवाखान्याच्या मागेच मिळाली आहे. कोणी येत नाही, म्हणून ती आवरलेलीच राहते.

चित्रांच्या कार्डांचे पुस्तक अजून आहे. एकशे बारा कार्डे झाली. शेवटचे काल जपानहून आले, त्यावर लाकडी पूल आहे. पद्धत तीच. मासिकात पत्ते छापून येतात, आपण एक कार्ड पाठवायचे, तिकडून एक येते. इंग्रजीत चार वाक्ये पुरतात: हवा कशी आहे, काम काय करतो, चित्रात काय आहे, आभार. मला तेवढेच जमते. अकोल्याची हवा कशी आहे हे आता पुष्कळ देशांत ठाऊक आहे. आपल्या घरून, मोर्शीहून मात्र मला वर्षभरात एकही कार्ड आले नाही. आईला लिहिता येत नाही. लिहिणाऱ्या तुम्ही होणार होतात.

आता मुख्य बातमी. गोवर्धनदादाची युगांडातल्या कापसाच्या जिनातली तीन वर्षे भरली. त्याची बोट दहा मार्चला मुंबईला लागेल आणि अकरा तारखेला तो गाडीने बडनेऱ्याला उतरेल. त्याच्या पत्रात शेवटी एकच प्रश्न आहे: ‘रुख्मिणी उत्तर काहून देत नाही?’ त्याला घरातले काहीच कळवलेले नाही. मीही कळवले नाही.

तुम्ही मागच्या अखाजीच्या सणाला माहेरी गेलात त्या परत आला नाहीत, आणि दादा आला तरी येणार नाही असा निरोप दिलात, हे आईकडून समजले. निरोपाचे शब्दही तिने सांगितले: “माह्या पायगुणानं त्यायले काई व्हाले नको.” हे खरे नाही. त्या कार्डाचा कोपरा फाटला यात तुमच्या पायगुणाचा काही संबंध नाही. हे मी तेव्हाही सांगितले होते.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, कप धुऊन ठेवला. वर लिहिलेले पुन्हा वाचले. सगळे बरोबर आहे, एक वाक्य सोडून.

आधी शेषरावांचे सांगते. भाद्रपदात ते बायकोला घेऊन आमच्या दवाखान्यात आले होते. औषध होईपर्यंत माझ्या खिडकीशी उभे राहिले. आपल्या मळ्यातली संत्री अमरावतीच्या बाजारात नेणारा माणूस, इतकी वर्षे घरातल्यासारखा. पण माझ्याकडे पाहत नव्हते. मी विचारले, मोर्शीहून कोणाचा काही निरोप? तर म्हणाले, आता मी कोणाचाच कागद नेत नाही बाई. मी विचारले, का? मग म्हणाले:

“तुमी देल्लं ते कार्ड म्या बैलबंडीतल्या रिकाम्या बोरीत खुपसलं होतं. माह्याच हातानं त्याचा कोपरा गेला असंन. सूनबाईचा चुडा माह्या हातानं फुटला.”

मी बाटलीवर लेबल लावले. दिवसातून तीन वेळा, हलवून घ्यावे, असे सांगितले. ते गेले. मी त्यांना त्या वेळी काही सांगितले नाही.

त्या दिवसाचे बाकीचे मला त्यांच्याच तोंडून कळले. तुम्ही कधी सांगितले नाहीत आणि मी कधी विचारले नाही. कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मयताची खबर, ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आईने शेषरावांना फाटकाशीच थांबवले. गोठ्याजवळ तुम्ही होतात. परदेशातून कार्ड पाठवणारा आपला एकच माणूस होता, त्यामुळे कोण गेले हे कोणाला विचारावे लागले नाही. तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात:

“मले वाचू त द्या.”

आई म्हणाली, “कोपरा दिसून राह्यला ना. आता वाचाले काय उरलं?”

आणि कार्ड तिथेच फाडून पाटात टाकले. सगळ्यांनी अंगावर पाणी घेतले. दुपारच्या आत तुमचे हात मोकळे झाले.

त्या घरात वाचता येणाऱ्या फक्त तुम्ही होतात. मी सुटीत दादाच्याच जुन्या कार्डांवरून तुम्हाला अक्षरे शिकवली होती.

शनिवारी मी अमरावतीहून आले. दादा जिवंत आहे, बरा आहे, त्याचे कार्ड मी स्वतः वाचून पाठवले आहे, हे मी फाटकातूनच सांगितले. आई रडायची थांबली आणि मग वेगळ्या तऱ्हेने रडू लागली. कासाराला बोलावणे गेले. नव्या बांगड्या भरताना तुम्ही हात पुढे केलात, पण त्यांच्याकडे पाहिले नाहीत. गल्लीतल्या बायका एकमेकींना काय म्हणाल्या ते मी ऐकले. पुढच्या संक्रांतीला तुम्हाला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही, तेही मला माहीत आहे.

त्या शनिवारी बाबांनी विचारले, कोपरा फाटला कसा? आई म्हणाली, शिकलेल्या पोरीले विचारा. सगळे माझ्याकडे पाहत होते. तुम्हीही. मी म्हटले, टपालात फाटला असेल.

तीन शब्दांचे वाक्य होते. त्यानंतर ते मागे घेण्याची संधी रोज येत होती, हे मी नाकारत नाही.

वहिनी, ते कार्ड नेहमीसारखे टपालातून माझ्याकडे अमरावतीच्या वसतिगृहात आले तेव्हा अखंड होते. त्यावर युगांडाचे सिंहाचे तिकीट होते. फिनलंड म्हणून एक देश आहे, तिथल्या आइनो नावाच्या शिक्षिकेशी माझी कार्डांची देवाणघेवाण चालते. तिच्या वर्गातल्या मुलांना सिंहाचे तिकीट हवे होते, आणि तेही टपालाच्या शिक्क्यासह. तिकीट सोडवायचे तर कार्ड पाण्यात भिजवावे लागते. दादाने जांभळ्या पेन्सिलीने लिहिले होते. ती पेन्सिल ओली झाली की पसरते. तुमच्यासाठी लिहिलेल्या ओळी बिघडू नयेत म्हणून मी भिजवले नाही. कात्री घेतली आणि शिक्क्यासकट कोपरा काढून घेतला. मग कार्ड शेषरावांच्या हाती दिले.

कोपरा नसलेल्या कार्डाचा आपल्याकडे काय अर्थ होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. कापताना माझ्यासमोर तिकीट होते. कार्ड नव्हते. याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही. माझ्या टेबलावर अशी चूक झाली असती तर मला काढून टाकले असते, आणि ते योग्य झाले असते.

शेषराव येऊन गेल्यावर मी आइनोला लिहिले की तिकीट परत हवे आहे. कारण दिले नाही. गुरुवारी ते आले. पातळ कागदात जपून गुंडाळले होते. तिने काही विचारले नाही. फक्त लिहिले आहे की मुलांनी त्या सिंहाला नाव ठेवले होते, आणि तळे इतके गोठले आहे की त्यावरून घोडे चालतात. एकशे बारा कार्डांत मला दुसऱ्यांदा वाचावेसे वाटलेले हे एकच.

तिकीट या पाकिटात आहे. हातात घेऊन कापलेल्या कडेवरून बोट फिरवा. मयताच्या कार्डाचा कोपरा हाताने फाडतात, त्याची कड ओबडधोबड असते, तंतू निघतात. ही कड सरळ आहे. हा अपशकुन नव्हता. कात्री होती, आणि ती माझ्या हातात होती. हे तुमच्या घरात दाखवा. मोर्शीला मी स्वतः जाऊन सांगेन, पुढच्या रविवारी, आधी शेषरावांना आणि मग आईला.

कार्डावरचा मजकूर तुम्हाला कधीच मिळाला नाही. मला तो पाठ आहे. एकही शब्द न बदलता देते:

‘रुख्मिणीस. आता तुले वाचता येते असे शकुनने लिहिले, म्हणून मोठे अक्षर काढून राहिलो. इथंही कापूसच आहे, पण बोंड लहान. संत्रं एकदा मिळालं, आंबट निघालं. हे कार्ड तूच वाच, शकुनले वाचू देऊ नको. उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. गोवर्धन.’

ते वाचायला मला मनाई होती, तरी मी वाचले. हेही लिहून ठेवते.

मुंबईची गाडी बडनेऱ्याच्या आधी अकोल्याला थांबते. अकरा मार्चला मी स्टेशनवर असेन. पातूरची सकाळची मोटर धरली तर तुम्ही गाडीच्या दीड तास आधी पोचाल. आलात तर माझ्याशी बोललेच पाहिजे असे नाही. तुम्ही डब्यात बसा, मी दादाला फलाटावरच सगळे सांगेन आणि खोलीवर परत जाईन. त्यानंतर तो मला पत्र लिहील की नाही, हे त्याने ठरवावे. तुम्हीसुद्धा.

आमच्या कामात चुकीचे लिहिले गेले तर खरडून काढत नाहीत. वाचता येईल अशी एक रेघ मारतात, बरोबर काय ते लिहितात आणि बाजूला स्वतःची सही करतात, म्हणजे चूक कोणाची ते पुढच्या माणसाला कळते. या पत्राच्या पहिल्या पानावर मी तशी रेघ मारली आहे. वरचा ‘सौ.’ मात्र बरोबर आहे. तो पहिल्यापासून बरोबरच होता.

दुरुस्ती: ‘कोपरा फाटला’ याऐवजी ‘कोपरा मी कापला’ असे वाचावे.

सही,
शकुन