गुलाबाच्या तेलाचा बोळा

बुधवार, संध्याकाळ

ऑपरेशनच्या वेळी पेशंटची भीती कमी व्हावी म्हणून हल्ली आम्ही नर्स गुलाबाच्या तेलाचा कापसाचा बोळा उशीशी ठेवतो. बहुतेकांना बरं वाटतं. आज दुधनीच्या शांताबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल फक्त कमरेखाली, त्या जाग्याच होत्या. मी बोळा ठेवला आणि त्या एकदम किंचाळल्या, "काढा ते! आधी काढा!" उठायलाच बघत होत्या. डॉक्टर छेद घेणार होते, ते थांबले.

मी बोळा लांब फेकला. "काय झालं, मावशी?"

"माजी लेक वारली तवा तिला नेताना तिच्या अंगावर हेच शिंपडलं हुतं."

हा वास चालेल का, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. का नाही विचारलं? तो बोळा तर मी किती मायेनं ठेवला होता!

"दुसरं काही देऊ?"

"काय नको. हात धरा की."

शेवटचा टाका पडेपर्यंत धरला. वॉर्डात सोडताना त्यांनीच विचारलं, "सिस्टर, तुमी लई घाबरला हुता, व्हय?"

मी मान डोलावली. मग त्याच मला थोपटत राहिल्या.