साध्या साइटच्या गटात पहिला

१२ एप्रिल, शनिवार
क्लबची वर्षातली पहिली मॅच. नऊ एमएम कार्बाइन बंदूक, साध्या साइटचा गट, म्हणजे नेम धरायला नळीवरची लोखंडी खूण तेवढी. पहिला नंबर मी. गटात एकटाच होतो, पण पहिला तो पहिलाच.
डेल्बर्टने बंदुकीवर नेम दाखवणारी लाल ठिपक्याची काच बसवून आणली आणि ठिपकेवाल्यांच्या गटात जाऊन उभा राहिला. अकरा वर्षं आम्ही दोघं साध्या साइटने मारतोय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आता खाली चाकं पण लावून घे, ढकलत आणता येईल. लोक हसले. तो नाही हसला. जाताना त्याच्या ट्रकमधून गेलो होतो, नेहमीसारखा. येताना दुसऱ्याच्या गाडीतून आलो.
सोमवारपर्यंत फोन करील. मी करणार नाही. ठिपका त्याने लावलाय.

१४ एप्रिल, सोमवार
फोन नाही.
ठरवलं. डेल्बर्टच्या ठिपक्याला साध्या साइटने हरवायचं. मग आपणहून दारात ट्रक आणून हॉर्न वाजवील. बंदुकीला काहीही लावायचं नाही. नेम माणूस धरतो, सामान नाही.

१५ एप्रिल
नवा ट्रिगर मागवला. हे काही लावणं नाही. होता तोच बदलतोय.

२२ एप्रिल
पार्सलवाली टॉनिया ट्रिगर घेऊन आली. हलका आहे, छान. हलक्या ट्रिगरला हलकी स्प्रिंग लागते, ती मागवली. मागच्या दांड्यात धक्का झेलणारा जड बफर पण मागवला, वेगळ्या पार्सलने.

२८ एप्रिल
टॉनिया स्प्रिंग घेऊन आली.

३० एप्रिल
टॉनिया बफर घेऊन आली. म्हणाली, मिस्टर कोबल, हे सगळं एका खोक्यात येतं की. मी म्हटलं, एकत्र मागवलं की कंपनीवाले घोळ घालतात. ती म्हणाली, कंपनी एकच आहे. मी कॉफी विचारली. तिला पुढे बेचाळीस घरं आहेत. तरी सात मिनिटं थांबली. शहाणी पोरगी आहे, पण कामाची शिस्त नाही.

१० मे, शनिवार
मॅच. सगळी निशाणं पाडायला माझे १३१ सेकंद. डेल्बर्टचे १०४. बफर अजून अंगवळणी पडायचाय.
डेल्बर्टने लांबून हात वर केला. मी तेव्हा मॅगझिनमध्ये गोळ्या भरत होतो. भरून होईपर्यंत त्याने खाली घेतला.
साध्या साइटमध्ये पहिला. सेक्रेटरी रोझॅनने सर्टिफिकेट दिलं. मी म्हटलं, किती जणांत पहिला ते छापू नकोस, जागा वाया जाते.

२३ मे
नळीच्या तोंडाला ब्रेक बसवला. बाजूला भोकं आहेत, धूर आणि दणका आडवा जातो, बंदूक उडत नाही. हे शेवटचं सामान. यापुढे एक स्क्रूसुद्धा नाही.

२ जून
डेल्बर्टचा फोन आला. उचलला नाही. चूक मैदानावर केलीस, माफी पण मैदानावर माग.

१४ जून, शनिवार
मॅच. ब्रेक जबरदस्त आहे. शेजारच्या माणसाची टोपी उडाली. आता माझ्या आजूबाजूला कुणी उभं राहत नाही. ऐसपैस वाटतं.
गोळी मात्र दर चौथ्या वेळी सुटत नाही. नुसता टक आवाज. स्प्रिंग इतकी हलकी की गोळीला ठोका लागतच नाही. म्हणजे ट्रिगर उत्तम, स्प्रिंग उत्तम, गोळ्याच हट्टी. १५८ सेकंद. पहिला.
डेल्बर्ट माझ्याकडे यायला निघाला होता. टक टक चालू असताना कुणी बघायला नको म्हणून मी पाण्याच्या नळाकडे गेलो.

१९ जून
डेल्बर्टचा परत फोन. या वेळी सहा रिंग. आधी चार होत्या. नरम पडतोय.

१२ जुलै, शनिवार
रोझॅन म्हणाली, डेल्बर्टच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्याला पुढची साइट एकाच्या दोन दिसत होती, म्हणून ठिपका लावला. हे काय कारण झालं? मलापण दोन दिसतात. मी मधल्या जागी मारतो.
१४३. पहिला. आज डेल्बर्ट आला नव्हता. मला टाळतोय.

१७ जुलै
डेल्बर्टचा तिसरा फोन. उचलायला हात पुढे केला होता. तेवढ्यात रिंग थांबली.

२१ जुलै
लाल ठिपक्याची काच मागवली. समोरच्याची चाल कळावी म्हणून. पुढच्या मॅचला ठिपक्याच्या गटात नाव द्यायचं, डेल्बर्टच्या शेजारी उभं राहायचं, काही बोलायचं नाही. तोच बोलेल.

२८ जुलै
टॉनिया काच घेऊन आली. म्हणाली, तुम्ही तर म्हणाला होतात, ठिपका म्हाताऱ्यांचं खेळणं आहे. मी म्हटलं, चाचणी आहे. बसवली. नेमाला जुळवायला मैदानावर जावं लागतं. मी अंदाजाने जुळवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
माझा ट्रक मुद्दाम गॅरेजला टाकला. उद्या गॅरेजवाला मैदानावर सोडेल. परत डेल्बर्टबरोबर. वाटेत टेंडरलॉइन सँडविच. पैसे मी देईन, त्याला बोलू देईन.

९ ऑगस्ट, शनिवार
डेल्बर्ट नव्हता. ठिपक्याच्या गटात सत्तावीस जण. माझा नंबर सत्ताविसावा.
रोझॅनला विचारलं. ती टेबल पुसत होती, थांबली.
"लायमन, तो जॉर्जियाला गेला, लेकीकडे. कायमचा. सोमवारीच. सांगायला तीनदा फोन केला म्हणे तुला."
मी म्हटलं, फोन कधी कधी वाजत नाही. मग म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मी परत साध्या साइटमध्ये.
"तो गट आता नाही. एका माणसासाठी आम्ही कशाला ठेवला असता? एप्रिलमध्ये डेल्बर्ट म्हणाला, ठेवा. लायमनला एवढंच तर आहे, म्हणाला."
मी म्हटलं, बरं.
रोझॅनने घरी सोडलं. सारखी बोलत होती. मी रस्ता दाखवत होतो. तिला माहीत होता.

११ ऑगस्ट, सोमवार
डेल्बर्टला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, जॉर्जियात फार उकडतं. मी म्हटलं, इंडियानात पण. मॅच कशी झाली, म्हणाला. मी म्हटलं, पहिल्या काही जणांत आलो.
"लायमन, रोझॅन मला निकाल पाठवते. समोरच आहे."
मी गप्प. तो पण गप्प. त्याने काही फोन ठेवला नाही, मग मी पण ठेवला नाही. म्हटलं, बसू दे. ट्रकमध्ये पण आम्ही असेच, न बोलता जायचो. बरं वाटत होतं. चांगली वीस मिनिटं झाली असतील.
मग कानापासून काढून बघितला. बॅटरी संपली होती. कधी संपली, कळायला मार्ग नाही.