पलंगाखालचे दात

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळ

आणि फ्रिजवाल्याला बोलवायची काय गरज होती? मला विचारायचं तरी! घरात काहीतरी झिरझिरतं म्हणे. झिरझिरू दे की. तो माणूस अर्धा तास फ्रिजला कान लावून उभा, शेवटी म्हणतो बिघाड काही नाही. तेवढ्यात आमचे हे शिंकले आणि पलंगाखालून झिर्रर्र. दोघांनी फ्रिजकडे बघितलं. मी म्हटलं, बघा, फ्रिजच आहे. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

माझे हात गार पडले होते. भीतीनं नाही. फ्रिज उघडा होता.

पलंगाखाली ड्रम आहे. स्नेअर म्हणतात त्याला. पातेल्याएवढा, बुडाला बारीक तारा. घरात कोणी शिंकलं, ओरडलं, दार आपटलं की त्या तारा झिणझिणतात. साठ वर्षं जुना. यांच्या दातांसाठी साठवलेले सगळे पैसे त्यात घातलेत. यांना माहीत नाही. डेंटिस्टची अपॉइंटमेंट २७ला. तोवर दुप्पट भावानं विकायचा. घाबरण्यासारखं यात काही नाही.

५ मार्च, गुरुवार

मी जुन्या ड्रमच्या दुकानात फरशी पुसते. गेल्या महिन्यात मालक एका गिऱ्हाइकाला सांगत होते, विंटेज म्हणजे जुना, नावाजलेला माल आहे, बघता बघता दुप्पट होईल. गिऱ्हाईक हो-नाही करत निघून गेलं. मी तोच ड्रम घेतला. मालक म्हणाले, बाई, तसं गिऱ्हाइकाला सांगायचं असतं, खरं धरायचं नसतं. मी लगेच ओळखलं, मालकांना स्वतःला ठेवायचा होता. मी काय दूधखुळी आहे?

घेतला तेव्हा भाव होता यांच्या सगळ्या दातांचा, वरचे खालचे मिळून. दुप्पट म्हणजे यांचे दात आणि माझा गुडघा.

९ मार्च, सोमवार

दुकानात शेपटीवाला आला होता. पांढऱ्या केसांची शेपटी बांधतो, वीस वर्षं ड्रम जमवतोय. आज घ्यायला नाही, विकायला आला. सात ड्रम. म्हणाला, लहान घरात जातोय, बायको म्हणाली ड्रम येतील नाहीतर मी येईन. मालकांनी विचारलं, मग काय ठरलं? तो म्हणाला, अजून विचार करतोय.

मग दोघं हळू बोलत बसले. ज्यांनी तरुणपणी हे ड्रम ऐकले ते सगळे म्हातारे झाले. सगळेच विकतायत, घेणार कोण? पोरं हेडफोन लावून रबराचे विजेवरचे ड्रम बडवतात. मोठे ड्रम तर फुकट दिले तरी कोणी उचलत नाही. स्नेअरला थोडी मागणी आहे, पण ओरिजिनल पाहिजे म्हणे. जसा कारखान्यातून आला तसा.

माझा स्नेअरच आहे. मी पुसत राहिले. बादली दोनदा लवंडली.

११ मार्च, बुधवार

जसा कारखान्यातून आला तसा! कुठला कारखाना पिवळट माल पाठवतो? हे बाहेर गेल्यावर ड्रम बाथरूममध्ये घेतला. पावडर, लिंबू, तारेची घासणी. दोन तास. बाहेरून वॉशबेसिनसारखा पांढरा निघाला. आत एक तपकिरी, कळकट कागद चिकटलेला, त्यावर कसलेसे आकडे. गरम पाण्यानं भिजवून सुरीनं खरवडून काढला. पंचवीस वर्षं लोकांची घाण काढतेय, मला कोणी शिकवायला नको.

आता तिप्पट धरायला हरकत नाही.

१४ मार्च, शनिवार

आज यांना सांगणारच होते. पण हे खुशीत होते. खुशीतल्या माणसाला असलं काही सांगू नये.

१५ मार्च, रविवार

आज हे खुशीत नव्हते. अशा वेळी तर अजिबातच सांगू नये.

पाव दुधात बुडवून खाता खाता म्हणाले, दात आले की आधी शेंगदाणे खाणार. मूठभर. मग विचारलं, पैसे नीट ठेवलेत ना? मी म्हटलं घरातच आहेत. खोटं नाही बोलले.

१८ मार्च, बुधवार

ड्रम चादरीत गुंडाळून दुकानात नेला. मालकांनी चादर काढली आणि खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, कागद कुठाय? मी म्हटलं, मोरीत. म्हणाले, बाई, तो याचा जन्मदाखला होता. तो पिवळेपणा म्हणजे याचं वय होतं. शेपटीवाला तिथंच होता. त्यानं ड्रमवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि काढून घेतला.

मालकांनी भाव सांगितला. मी मनात दात मोजले. आठ.

मी म्हटलं, राहू दे, भाव चढेल. परत आणला. जिन्यात दोनदा टेकले. ड्रम जड आहे.

२३ मार्च, सोमवार

एक ड्रम जमवणारा गेला. त्याच्या मुलांनी टेम्पो भरून माल आणून टाकला. अकरा स्नेअर. दुकानात पुसायला फरशीच उरली नाही. संडासातसुद्धा तीन ठेवलेत. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी न विचारताच नवा भाव सांगितला. आता पाच दात.

घरी हे खोकले की मीही मोठ्यानं खोकते, खालचा आवाज झाकायला. हे म्हणाले, तुला डॉक्टरकडे नेऊ का?

२६ मार्च, गुरुवार

चार दात. शनिवारी दुपारी दोनपर्यंत, मग तेही नाही. मालक म्हणाले, शेपटीवाल्याचेच अजून पडून आहेत.

मी म्हटलं, निदान तो झिरझिराट तरी बंद करून द्या, जीव जातो माझा. त्यांनी दुकानातल्या एका स्नेअरच्या बाजूचा खटका दाखवला. तो पाडला की तारा गप्प. इतकंच होतं. माझ्या ड्रमचा तो खटकाही मी पावडर लावून घासला होता.

घरी आले तर यांनी उद्यासाठी शर्टाला इस्त्री करून ठेवलेली.

२७ मार्च, शुक्रवार. पहाटे

अहो,

ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. आज तुमच्या कपाखाली ठेवतेय. पहिल्यापासून वाचा, मला तोंडानं सांगता येणार नाही. मी कामावर चाललेय. डेंटिस्टला फोन करून पुढची तारीख घ्या.

चारच येतील. पुढचे बसवले तर तोंडावर हात न धरता हसाल. दाढा बसवल्या तर शेंगदाणे खाल. दोन्ही होणार नाही. मला विचाराल तर मी काही सांगणार नाही, माझ्या सांगण्यानं काय होतं ते पलंगाखाली आहे.

रागवायचं असेल तर मोठ्यानं रागवा. खटका पाडलाय, मध्ये कोणी बोलणार नाही. पण ‘असू दे’ म्हणू नका, ते मला सहन होणार नाही.

उद्या, शनिवारी, दोनच्या आत मला उत्तर पाहिजे. पुढचे की दाढा?